दोन गोलांचं कार्ड

चिखलीत येणारं प्रत्येक कार्ड मालकाच्या आधी रहेमतुल्ला पोस्टमन वाचायचा. त्यात चोरी नव्हती; निम्म्या गावाला वाचून दाखवायचंही त्यालाच लागे. आजचं कार्ड मात्र तीनदा उलटंसुलटं करूनही त्याला लागलं नाही.

"मास्तर, वहिनीचं कार्ड आलं अमडापूरहून. पण अक्षर एक नाही. गोलात गोल. मले वाटलं, जिलबीवाल्याचं होय."

शाळेच्या ओट्यावर बसलेले इंद्रभान मास्तर खुलले. नागपूरच्या कॉलेजातून ते दोनच वस्तू घेऊन आले होते, चष्मा आणि तर्कशास्त्र. पैकी चष्मा झोपताना काढत. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या बायकोला, रुख्मिणीला, त्यांनी अक्षरं शिकवलीच नव्हती. अक्षरं खोटं बोलतात, आकृती खोटं बोलत नाही, हे त्यांचं मत. पंचम जॉर्जच्या छापाची सहा कार्डं पत्ता लिहून तिच्याबरोबर दिली होती, आणि ताकीद, की दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यायचं नाही.

"पाहा रहेमतुल्लाभाई. मोठा गोल म्हणजे आमच्या घरची माणसं. आतला लहान, आमची लेकरं. मागच्या कार्डात लहान गोलात फुली होती ना?"

"हाव. तुमी मले पेढा देल्ला होता."

"फुली म्हणजे तिथं कोणीतरी आहे. पोरगा का पोरगी, ते आकृतीत येत नाही."

"अन् ह्या रेघा?"

आज लहान गोल तिरप्या रेघांनी गच्च भरला होता.

"हे तर तिले जायच्या आदल्या दिवशी शिकवलं! रेघा मारल्या की ती जागा रिकामी. तिथं कोणीच नाही. अन् मारल्या कशा, पाहा! एकीले एक लागली नाही, गोलाच्या बाहेर गेली नाही. वर्गातल्या पोट्ट्याइले जमत नाही हे. दहापैकी दहा!"

आणि मास्तर खिशात लाल पेन्सिल शोधू लागले.

रहेमतुल्ला हसता हसता थांबला. त्याने लहान गोलाकडे पाहिलं. लेकरं. कोणीच नाही. एवढं त्यालाही जुळवता आलं.

"मास्तर, द्या बरं इकडे."

"काऊन? समजलं नाही?"

"समजलं."

त्याने कार्ड घेतलं. मयताच्या कार्डाचा फाडतात तसा त्याचा एक कोपरा फाडला, आणि आत्ताच पिशवीतून काढल्यासारखं पुन्हा मास्तरांच्या हातात दिलं.