ईटचं ग्रहण

विमलला नववा लागला, पाय सुजले, तरी पहाटेचं जातं काही सुटलं नव्हतं. "जितकं दळशील तितकी लवकर मोकळी होशील गं," असं म्हणत सासूबाई रोज पायलीभर जोंधळे पुढं ओतायच्या. सासरे गोपाळभटजी ओसरीवर जात्याची घरघर ऐकून नुसते खाकरायचे. सुनेच्या बाळंतपणात पुरुषानं तोंड घालायची रीतच नव्हती.

निजामाच्या राज्यात ईटसारख्या खेड्यात पेपर कुठला यायला! ग्रहण कधी, हे भटजींनी सांगायचं आणि गावानं पाळायचं. आषाढी अमावास्येच्या आदल्या दिवशी त्यांनी पंचांग मिटलं आणि जाहीर केलं, "उद्या ग्रहण. सकाळपासून वेध. गरोदर बाईनं दळायचं नाही, चिरायचं नाही, जागचं हलायचंसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी आभाळ असं गच्च होतं, की सूर्यच कुणाला दिसला नाही. गावानं चुली पेटवल्या नाहीत, घागरीतलं पाणी ओतून दिलं. सासूबाई जप करत बसल्या. विमल कोपऱ्यात भिंतीला टेकली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर झोपली.

आठवड्यानं जवळच्याच भूम गावचे राघवेंद्रशास्त्री आले. त्यांच्यासाठी पाणी घेऊन निघालेली विमल दाराआडच थबकली.

"गोपाळराव, काय ऐकतोय हे? अमावास्येला आमच्याकडं तर ग्रहण नव्हतं!"

भटजींनी आधी सासूबाईंचा कानोसा घेतला, मग आवाज खाली आणला.


"तुमच्याकडं कसं असेल, शास्त्रीबुवा? तुमच्या सुनेला कुठं नववा लागलाय?"