भलतंच ताट

शाल्मलीच्या हनुवटीखाली लाळ मोजणारी नवी टिकली चिकटवून वृंदा मोबाइलवर उमटणारी लाळेची रेघ बघत बसली. लेक नऊ वर्षांची झाली तरी बोलत नव्हती आणि तिचं लाळेरं दिवसातून दहादा बदलावं लागे.

सासूबाईंचं निदान ठाम होतं. पोटुशी असताना वृंदाला कुळथाची पिठी खावीशी वाटली होती, ती मिळाली नाही. आईचे डोहाळे राहिले की पोर लाळ गाळतं. म्हणून दर रविवारी त्या पिठी करून सुनेला आग्रहाने वाढत आणि नातीला गुरगुट्या भात भरवत.

"आई, हिला लाळ आपल्याएवढीच सुटते," वृंदा म्हणाली. "गिळायचं तेवढं राहून जातं. तोंड भरलं की ही टिकली थरथरून आठवण करते."

तेवढ्यात शाल्मलीने आवंढा गिळला. सकाळचं लाळेरं अजून कोरडं होतं.

सासूबाई रविवारच्या पिठीला फोडणी द्यायला उठल्या. लसूण तडतडली आणि रेघ एकदम उसळली. खाली अक्षरं उमटली: 'हे हवंय.' वृंदाने ती मोठ्याने वाचली.

सासूबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. रेघ हळूहळू उतरली. झाकण काढलं, पुन्हा उसळली. तिसऱ्यांदाही तेच झालं.

सासूबाईंनी सुनेसाठी मांडलेलं ताट उचलून नातीपुढे ठेवलं, पिठी वाढून भात मऊ कालवला आणि पहिला घास पुढे केला.

"नऊ वर्षं मी भलत्याच ताटात वाढत होते गं."