घरचा टीव्ही

टीव्हीच्या दुकानाचा गल्ला आजही स्वतःच्याच हाती ठेवणाऱ्या बाईंपुढे सून पुन्हा तीच मागणी घेऊन उभी होती. फुकट मिळणारे, कोणालाही सुधारता येणारे सॉफ्टवेअर घातलेल्या टीव्हींसाठी दुकानात एक फळी हवी होती. "आई, नवा टीव्ही न परवडणारी माणसंच जास्त आहेत. त्यांचे जुने टीव्ही यावर आणखी काही वर्षं चालतील."

"फुकटच्या मालाला माझ्या दुकानात जागा नाही," दारातून आलेल्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा बेताने बाई म्हणाल्या. "आपल्या घरचा टीव्ही बघ. आठ वर्षांत कुरकूर नाही. याला म्हणतात कंपनीचा माल."

"कोणतं मॉडेल, काकू?" गिऱ्हाइकाने विचारले. बाईंनी ते ऐटीत सांगितले.

"माझाही तोच. पण गेल्या वर्षी कंपनीनं त्याचं सॉफ्टवेअरच बंद केलं. तेव्हापासून नुसता भिंतीवर टांगलाय. तुमचा कसा चालतो?"

गेल्या वर्षी लेकीकडून परतल्यावर पडद्यावरची अक्षरे एकाएकी मोठी आणि आपल्या भाषेत झालेली बाईंनी पाहिली होती, आणि त्याबद्दल कंपनीचे गोडवे चार घरी गायले होते. ते काम कोणाचे, हे त्यांना आत्ता कळले. त्या गल्ल्यातली नाणी पुन्हा मोजू लागल्या.



"आईंचा हातच तसा आहे," खोकी उचलता उचलता सून म्हणाली, "वस्तू फार जपून वापरतात."