डोक्याची तालीम

पडदा पुन्हा काळा पडला, तोही नेमका मल्लानं पट काढला तेव्हा.

“अगं ए प्रणिता, कोण जिंकलं ते तरी कळू दे!” सर्जेराव खुर्चीत चुळबुळले, तशा डोक्याला चिकटवलेल्या तारा हलल्या.

“काका, मशीन काही नाही करत. तुमचं डोकं तापलं की पडदा आपोआप बंद होतो. मतलब, शांत राहून बघाल तरच कुस्ती दिसेल.”

प्रणिता बँकेतल्या अधिकाऱ्याची मुलगी. जन्म, शाळा सगळं जयपुरातलं, त्यामुळे तिचं मराठी हिंदीचा हात धरूनच चालायचं. प्रताप नगरातल्या या केंद्रात ती लोकांकडून न्यूरोफीडबॅक करून घ्यायची. मेंदूच्या लहरी यंत्र टिपायचं. मन थाऱ्यावर असलं की चित्र चालू, बिथरलं की अंधार. पहिल्या दिवशी तिनं समुद्राच्या लाटा लावल्या, तर सर्जेराव घोरायला लागले. मग तिनं कुठून कुठून गावाकडच्या कुस्त्या शोधून आणल्या.

सर्जेराव शेडगे मूळचे कराडकडचे. तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि शेवटची पोस्टिंग जयपूरची म्हणून मुरलीपुऱ्यातच घर बांधून राहिले. तोफा मागे राहिल्या, पण तोफांचा आवाज काही डोक्यातून निघाला नाही. रस्त्यात टायर फुटला तरी ते जमिनीवर आडवे व्हायचे. गेल्या पावसाळ्यापासून तर दाराची बेल वाजली तरी अंग ताठ व्हायचं, हात लटलटा कापायचे. शेवटी त्यांच्या बायकोनं, मालनबाईंनी, बेलची वायरच काढून टाकली. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. या तालमीलाही त्यांनीच धाडलं होतं.

आणि आता सोनलचं शौर्यपदक जाहीर झालं होतं.

सोनल ही त्यांची एकुलती एक लेक. लष्करात हेलिकॉप्टरची वैमानिक, कॅप्टन. हवालदाराची पोर कॅप्टन झाली, हे सांगताना सर्जेरावांची छाती अजून फुगायची. तिच्या खांद्यावर तारे चढले त्या दिवशी त्यांनी सगळ्यांदेखत टाचा जुळवून तिला कडक सलाम ठोकला होता. हा किस्सा गल्लीतल्या दूधवाल्यालाही पाठ होता.

“पदक कशाचं आहे, काका?” तारा काढता काढता प्रणितानं विचारलं.

“पुराचं. छपरावर अडकलेलं अख्खं गाव उचललं पोरीनं! वारा असा, की घार उडंना. पण शेवटचं माणूस निघंपर्यंत माघारी फिरली न्हाई.”

“वाह! मग फंक्शनला जाणार ना?”

 सर्जेराव डोक्यावरचं चिकट मलम रुमालानं पुसत बसले.

घरी आल्यावर मात्र त्यांनी बोलून टाकलं. “मालन, छावणीत तूच जा. तिथं बँड वाजणार, हेलिकॉप्टरं उडणार. एवढ्या साहेबांपुढं मी आडवा झालो तर? पोरीच्या नावाला बट्टा लागंल.”

मालनबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

“तिनं छातीवर नाव कुणाचं लावलं होतं? शेडगे. तुमचं. मी बाजूला बसंन, पर उठायचं तुम्हीच.”

 सर्जेरावांनी तालीम सोडली नाही. मुरलीपुऱ्याहून प्रताप नगर म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक, पण ते एकदाही चुकले नाहीत. श्वास कसा सोडायचा, खांदे कसे सैल ठेवायचे, हे हळूहळू अंगवळणी पडलं. एक दिवस कुस्ती सुरू झाली, डाव रंगात आला, खालच्या मल्लानं पलटी मारली, वरचा गडी चीतपट झाला, हलग्या कडाडल्या, आणि पडदा लख्ख उजळलेलाच राहिला.

“काका!” प्रणिता टाळ्या वाजवत उठली.

“बसून घे,” सर्जेराव हसून म्हणाले, “दुसरी जोड लाव.”

खरी परीक्षा झाली जयपूरजवळच्या चौमूं गावी. जुन्या फौजी मित्राच्या मुलाचं लग्न होतं. वरात दारात आली आणि फटाक्यांची लड कानाशीच तडतडली. मालनबाईंनी झटकन त्यांचा दंड धरला. सर्जेरावांच्या कपाळावर घाम आला, पण त्यांनी लांब श्वास सोडला आणि ते उभेच राहिले.

“सोड,” ते हळूच म्हणाले. “जमतंय.”

समारंभाच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी शेजाऱ्यांनी सोनलचा वर्दीतला मोठा फोटो लावला होता. सर्जेरावांनी काळा कोट घातला, स्वतःची पदकं छातीवर लावली. छावणीत त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. बँडचा मोठा ढोल धडाडला. सर्जेरावांनी खांदे सैल सोडले. मग डोक्यावरून हेलिकॉप्टरं घोंघावत गेली, खुर्च्यांवरची कापडं फडफडली. माणसांनी कान झाकले. सर्जेरावांनी मान वर केली आणि शेवटचं हेलिकॉप्टर दिसेनासं होईपर्यंत डोळे भरून पाहिलं. मालनबाईंनी त्यांच्या हातांकडे नजर टाकली. मांडीवर ठेवलेले दोन्ही हात दगडासारखे स्थिर होते.

एकेक जवान मंचावर गेला, पदक घेऊन, सलाम करून उतरला. टाळ्या थांबल्या. एक तरुण अधिकारी सर्जेरावांजवळ येऊन अदबीनं वाकला. ते उठले, कोट सारखा केला आणि ताठ मानेनं, पाऊल न चुकवता मंचाकडे चालू लागले.

ध्वनिक्षेपकावर निवेदकाचा आवाज घुमला, “कॅप्टन सोनल शेडगे, मरणोपरांत.”