पुढे लावलेलं घड्याळ

इमारतींचे नकाशे काढणाऱ्या काकांचं काम कधी वेळेत होत नसे. साहेबांची बोलणी ठरलेलीच. शेवटी काकूंनी त्यांचं मनगटी घड्याळ थोडं पुढे लावून दिलं. मात्रा बरोब्बर लागू पडली. नकाशे मुदतीआधी तयार होऊ लागले, काका शीळ घालत घरी येऊ लागले.

आज नकाशा घेऊन गेले, तर साहेब हसून म्हणाले, “अहो, मघाशीच दिलात की! झकास झालाय.”

साहेबांची गफलत झाली असेल, म्हणून काकांनी हातातला नकाशाही तिथंच ठेवला आणि खुशीत घर गाठलं. बेल वाजवली.

आत कपबशी ठेवल्याचा आवाज झाला. मग काकांच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, “तू बस गं, मी बघतो कोण आलंय.”