दीड ओळीची जागा

पोथी उतरवून झाली की पडताळा व्हायचा. सून नवी प्रत मोठ्याने वाचायची आणि सासरे जुन्या प्रतीवर बोट ठेवून ऐकायचे. एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं, की बोट जागच्या जागी थांबायचं.

चौऱ्याहत्तराव्या पानावर दीड ओळ नव्हतीच. मूळ पान कधीकाळी कसरीने खाल्लेलं. तेव्हापासून प्रत्येक नकलकाराने तेवढी जागा काडीने मोजून कोरी सोडली होती. वाचतानाही तिथे श्वासभर गप्प राहायचं, हा घरचा रिवाज. पदरचं एक अक्षर जरी कुणी घुसडलं, तरी त्याच्या हाती पुन्हा बोरू मिळत नसे. सासऱ्यांनी सख्ख्या भावाला याच कारणावरून कामावरून उठवलं होतं.

गोष्ट एका नावाड्याची होती. होडी सुटते, काठावर उभी असलेली बायको त्याला काहीतरी म्हणते, आणि नेमकं तिथेच कसरीने पोट भरून घेतलेलं. सुनेने ही पोथी आजवर तीनदा उतरवली होती. तिन्ही वेळा त्या बिचारीला उघड्या तोंडाने काठावर ठेवून ती पुढे गेली, आणि तिन्ही वेळा तिचा जीव तुटला. चौथ्या खेपेला मात्र तिला राहवलं नाही.

ते पान आलं. सून थांबली नाही. तिने एका दमात वाचून टाकलं, “लवकर या म्हणणार नाही. फक्त दाराला आतून कडी लावणार नाही.”

सासऱ्यांचं बोट कोऱ्या जागेवर थबकलं. पुन्हा वाच, म्हणाले. तिने वाचलं. मग आणखी एकदा वाचायला लावलं. दुसरी प्रत सापडली की काय, कुठे सापडली, असं त्यांनी विचारलं, आणि त्या विचारण्यात इतकी आशा होती की सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“नाही मामंजी. माझीच आहे.”

कागद खरवडायचा चाकू त्यांनी तिच्यापुढे सरकवला. सुनेने मुकाट्याने ओळ खरवडली, कागदाला भोक न पाडता, त्यांनीच शिकवलं होतं तशी. मग बोरू पुसून त्यांच्यापुढे ठेवला. बारा वर्षं हातात बोरू धरायची सवय. रिकामा हात कुठे ठेवावा तेच तिला कळेना.

सासरे उठले. फळीवरून घोटलेल्या कागदांचा नवा गठ्ठा काढून त्यांनी वरच्या पानाला समास आखले, आणि तिचा बोरू तिच्याच हातात दिला.

“दुसऱ्याच्या पोथीत तुझं नको. तुझं तुझ्या पोथीत लिही.”

“माझी कुठली पोथी, मामंजी? एवढी एकच तर ओळ आहे.”

ते तिच्याशेजारी मांडी घालून बसले, स्वतःसाठी एक बोरू तासला आणि दुसरा कोरा कागद पुढे ओढला.

“तू पुढचं लिही. नक्कल मी करतो.”