पांढरं फडकं

डेट्रॉइटबाहेरच्या ओसाड धावपट्टीवर रोवेनाचा दांडग्या गाड्यांवरचा फाटक्या खिशाचा सिनेमा शेवटच्या शर्यतीपाशी अडला होता. शर्यतीसाठी बोलावलेल्या म्हाताऱ्या डेल्बर्टने आपली लाल गाडी ट्रेलरवरून उतरवली, पण पांढऱ्या फडक्याने पुसतच बसला. “ढकलत न्या, किल्ली देणार नाही. वीस वर्षांत हिच्या चाकाला धूळ लागलेली नाही.” “मग ही गाडी कसली, म्हातारबा? कपाटातली बाहुली,” रोवेना कडाडली. “तुझ्या डबड्यापेक्षा बरी, पोरी.” ते डबडं म्हणजे शर्यतीतली तिची गाडी, तिच्या बापाने भंगारातून उभी केलेली. तिच्या मस्तकात तिडीक गेली. तिने डबडं लाल गाडीच्या नाकासमोर लावलं, ब्रेक दाबून मागची चाकं जागीच गरगर फिरवली आणि जळक्या रबराचा धूर आभाळाला टेकला. तो ओसरला तेव्हा लाल गाडी काळीठिक्कर होती, फडकंही. डेल्बर्टने फडकं भिरकावून किल्ली फिरवली. “थांब, भवाने.” “कॅमेरा चालू ठेवा,” ओरडत रोवेना सुटली.